झील ओढणारी माणसं

आमच्या जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यात पोरांना ‘गण’ हा शब्द कळायचा तो पुस्तकातून नव्हे, जत्रेतून. रात्री ढोलकीवर थाप पडली, की पहिला गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि पुरुषानंच लुगडं नेसून वठवलेली मावशी. पुढं लावण्या, बतावणी आणि उत्तररात्री वग. हा क्रम चुकला की म्हातारी माणसं बसल्या जागी कुरकुरायची.

पडदा नाही, विंगा नाहीत. राजाला पुण्याहून दिल्लीला जायचं असलं तर बोर्डावर एक फेरी मारायची, की आली दिल्ली. काम संपलं की गडी मागं साथीदारांत जाऊन उभा.

या धंद्यातले काही शब्द लांबून आलेले. ‘तमाशा’ अरबी-फारसीतला, अर्थ बघण्यासारखं दृश्य. ‘शाहीर’ म्हणजे शायर. लावणीवर खूश होऊन पैसा उधळतात ती ‘दौलतजादा’, म्हणजे मुळात आशीर्वादच, दौलत ज्यादा होवो! ‘फड’ मात्र मातीतला. उसाचा फड, कुस्त्यांचा फड, तसा तमाशाचा फड. ‘बारी’ म्हणजे पाळी. एकाच थिएटरात पार्ट्यांनी पाळीपाळीनं गायचं, ती संगीत बारी. कलगीवाले शक्ती थोर म्हणणार, तुरेवाले शिव थोर म्हणणार, आणि सवाल-जवाब झडता झडता कोंबडं आरवणार.

आमच्या गावात एक म्हातारा सुरत्या होता. आम्ही त्याला आबा म्हणायचो. ऐन उमेदीत तो फडात तुणतुणं वाजवायचा आणि झील धरायचा. मुख्य गाणाऱ्यानं ओळ सोडली, की मागच्यांनी ती उंच सुरात उचलायची, ताणून धरायची, तेवढ्यात पुढच्यानं दम घ्यायचा. आबा म्हणायचा, “लोकं पुढच्याकडं बघत्यात. पर मागच्यानं सूर सोडला, तर पुढचा पडतोय खाली.”

आणि आपण भाषेत काय केलं? कुणी पुढाऱ्याच्या होला हो म्हणायला लागला, की ‘झील ओढतोय’ म्हणतो. झील आली लाचारीच्या खात्यात. ‘सुपारी’ म्हणजे खेळ ठरल्याची खूण. जत्रेच्या पंचांनी ती दिली, की फडाचा शब्द गेला. आता सुपारी म्हटलं की खून आठवतो. ‘नाच्या’ ही तर शिवीच झाली. घरात भांडण झालं तरी म्हणणार, “तमाशा करू नको.”

ही हेटाळणी नुसत्या शब्दांची नव्हती. तमाशा पिढ्यान्‌पिढ्या जगवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या माणसांनी. ज्याला पहिला वग मानतात तो 1865 चा ‘मोहना बटाव’ उमाजी मांग सावळजकरांचा. पठ्ठे बापूराव (1866–1945) जन्मानं ब्राह्मण, रेठऱ्याचे कुलकर्णी. ते महार समाजातल्या पवळाबाईंबरोबर बोर्डावर उभे राहिले, तेव्हा गावोगाव चर्चा झाली ती कवनांइतकीच जातीची. आमच्या नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला, तरी म्हातारपणाची ओढाताण काही चुकली नाही.

माझे वडील शाळामास्तर. एकदा आबा नातवाला घेऊन नाव घालायला आला. वडिलांनी विचारलं, “बापाचा धंदा काय लिहू?” पोराचा बाप तेव्हा फडात ढोलकी वाजवत होता. आबा जरा थांबून म्हणाला, “मोलमजुरी लिवा, गुरुजी.” वडिलांनी मान वर करून बघितलं. आबा म्हणाला, “तुमास्नी ठावं हाय. पर उद्या ह्ये कागूद दुसरा कुनी वाचंल. पोराला वर्गात कुनी नाच्याचं म्हनाया नगं.” वडिलांनी मोलमजुरी लिहिलं. ज्या घरात तीन पिढ्या सूर सांभाळला, त्या घराच्या कागदावर सुराचा पत्ता नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 च्या सुमारास, मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. तेव्हापासून ‘लोकनाट्य’ हे नाव जास्त रुळलं. त्यात अण्णाभाऊ साठ्यांच्या कलापथकाचा वाटा मोठा. फडांनीही ते नाव घेतलं.

आजही पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारखा ठरवतात, सुपारी देतात. राहुटीवरच्या फलकावर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं लिहिलेलं असतं. खरं तर दोन नावांची गरज नाही. पण पहिलं नाव सरकारच्या आणि शिकलेल्या लोकांच्या समाधानासाठी आहे, दुसरं जत्रेसाठी. पन्नास-साठ माणसांचं पोट त्या दुसऱ्या शब्दावर चालतं, म्हणून शिवी झाला तरी त्यांनी तो सोडलेला नाही.