गोळी ओतणारे हात

सफाळे स्टेशनवर उतरून पश्चिमेचा रस्ता धरला आणि किनारा गाठला की वैतरणा नदीच्या मुखाशी दातिवरे लागते. इथे पोर्तुगीज काळातल्या एका लहानशा कोटाचे अवशेष आहेत. खाडीपलीकडे, दक्षिणेला, पाण्यात उभा असलेला अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. आम्ही त्या किनाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा मनात पहिला विचार आला तो अंतराचा. ठासणीच्या साध्या बंदुकीची गोळी शंभरेक पावलांपर्यंतच नेम राखते. या काठावरून त्या काठाशी बोलायचे तर तोफच हवी. बंदूक बोलायची ती तटाखाली, माणूस माणसाच्या समोर आल्यावर.

असे समोर येणे या किनाऱ्याने पुष्कळ पाहिले. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने उत्तरेकडचे तारापूर जिंकले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून मरण पावले. त्यांच्या आईला बाजीरावांनी लिहिलेले सांत्वनाचे पत्र प्रसिद्ध आहे. गोळीने कोण पडले हे इतिहासाने नोंदले. पण गोळी ओतणारा कोण होता? या बाजूचा असो की त्या बाजूचा, त्याचे नाव आपल्या बखरींत सापडत नाही.

गंमत अशी की हत्याराला नाव मिळाले आहे ते या गोळीचेच. अरबी भाषेत 'बुंदुक' म्हणजे एक टणक, वाटोळे फळ. त्यावरून गलोलीसारख्या धनुष्याने मारायच्या लहान गोळीला तो शब्द लागला आणि पुढे गोळी उडवणारी नळीच बंदूक झाली. इंग्रजांनीही नळीचे माप गोळीवरूनच ठरवले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती बारा बोअरची बंदूक. म्हणजे ती गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. शिकाऱ्यांच्या तोंडी हे माप आजही आहे. त्यामागचे शिसे मात्र कोणाला आठवत नाही.

गोळी ओतणे हे दिसायला सोपे काम. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्याला लोहाराची भट्टी लागत नाही, चुलीचा विस्तव पुरतो. सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा मिटायचा, पळीने रस ओतायचा, क्षणभर थांबून साचा उघडायचा, वर राहिलेले शेपूट कापायचे. पण साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, आत पोकळी राहिली तर ती वजनाला हलकी भरते आणि भलतीकडे जाते. अशा गोळ्या पुन्हा भांड्यात. आणि त्या रसात पाण्याचा एक थेंब जरी गेला तरी वाफ होऊन तापलेले शिसे तोंडावर उडते. शिशाची बाधाही हळूहळू अंगात भिनते. रणांगणावर न जाताही जखमी होण्याची ही वाट होती.

मग भरण्याचे काम. शिंगातली दारू मापून नळीत ओतायची, त्यावर गोळी सोडायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. गोळी मध्येच अडकली आणि दारू व गोळी यांत पोकळी राहिली तर नळीच फुटण्याचा धोका. शेवटी कानात रंजक घालून तोड्याची बत्ती द्यायची. आपली मराठी ही सारी कृती अजून विसरलेली नाही. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतो, कोणाचा बार 'फुसका' निघतो, कोणी भांडणाला 'बत्ती' देतो.

दारू दमट झाली तर उत्तम गोळीही व्यर्थ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांपासून दूर ठेवावा, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, अशी ताकीद आहे. दातिवऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभे राहिले की ती ताकीद का लिहावी लागली ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या हातांची नावे बखरींत नसली तरी आडनावांत आहेत. आपल्या लग्नपत्रिका, शाळांचे हजेरीपट पाहा. गोलंदाज म्हणजे गोळे फेकणारा. आज हा शब्द क्रिकेटने घेतला आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना पाणी देऊन लखलखीत करणारा. बाणदार म्हणजे दारूचे बाण सोडणारा. ही घराणी मराठी बोलणारी, याच मातीतली. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांच्या तोफा आणि गारद्यांच्या बंदुका इब्राहिमखान गारद्याच्या हुकमाखाली चालल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. इब्राहिमखानाला इतिहासात जागा मिळाली; त्याच्या बंदुका ज्यांनी भरल्या त्यांना आडनावावर भागवावे लागले.

गोल गोळीचा शेवटही सांगण्यासारखा आहे. रायफलीच्या नळीत पीळदार चर असतात. ते गोळीला पकडून फिरवतात, म्हणून नेम लांबवर टिकतो. त्यासाठी गोळी घट्ट बसावी लागते. ती तेल-मेण लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासत. हे काम वेळखाऊ. पुढे मिनिए यांची निमुळती, बुडाशी पोकळ गोळी आली, तिच्या जोरावर १८५३ ची एन्फिल्ड रायफल आली आणि तिच्याबरोबर दातांनी तोडायचे, वंगण लावलेले काडतूस. ते वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे असल्याची बातमी पसरली. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी आपले वंगण आपणच करावे अशी मुभा कंपनी सरकारने दिली. पण विश्वास एकदा गेला तो गेला. हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच काडतुसापुढे थबकले. गोळी कोणी बनवली हा प्रश्न तेव्हा प्रथमच इतक्या मोठ्याने विचारला गेला.

ठासणीची बंदूक त्यानंतरही पुरती गेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. रानडुकरांनी हैराण झालेल्या कोकणातल्या शेतकऱ्याला ती ओळखीची आहे.

दातिवऱ्याहून निघताना आम्ही एकदा मागे वळून पाहिले. भरती चढत होती आणि अर्नाळ्याचा तट धूसर होत चालला होता. त्या तटांवर कोणाचे निशाण कधी लागले, हे आम्हाला शाळेत पाठ करून घेतले होते. निशाणाखाली चुलीपाशी बसून, साचा हातात धरून, गोळीवरची सुरकुती बोटाने चाचपणारा माणूस त्या धड्यात नव्हता. तो आमच्याच वर्गात, हजेरीपटावरच्या एखाद्या आडनावात, बसलेला होता. त्याच्या नावाला रोज 'हजर' म्हटले जात होते. आम्हालाच ते ऐकू आले नाही.