टीव्हीच्या मागची पेटी : कोंबड्यांच्या जाळीपासून स्टिकपर्यंत



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला, सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत एक विषय निघाला. गटाच्या खोलीतल्या टीव्हीला ती नवी स्टिक घ्यायची का? घ्यायची तर कोणती? एकीच्या मुलाने एक नाव सांगितलं होतं, दुसरीच्या जावयाने दुसरं. बाजारातल्या दुकानदाराने तर निम्म्या किमतीत तिसरीच पेटी दाखवली होती. तीन-चार हजार रुपयांचा मामला, तोही गटाच्या पैशातून. बोलता बोलता आमच्याच लक्षात आलं, की टीव्हीच्या मागे आजवर इतक्या पेट्या आल्या आणि गेल्या, पण त्यातली एकही आम्ही स्वतः निवडलेली नव्हती. म्हणून आज आधी ही जुनी हकिगत सांगतो, मग स्टिककडे येतो.

खेड्यातल्या टीव्हीची गोष्ट सुरू होते १ ऑगस्ट १९७५ला. अमेरिकेच्या नासा संस्थेने आपला एटीएस-६ नावाचा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला दिला होता. त्यावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवायचा, असा तो प्रयोग. त्याला ‘साइट’ म्हणत. मूळ कल्पना विक्रम साराभाईंची. टीव्ही आधी शहरांना आणि उरलंसुरलं खेड्यांना, हे त्यांना मान्य नव्हतं. लांबच्या, रस्ता नसलेल्या गावापासूनच सुरुवात करू, असं त्यांचं म्हणणं. ते १९७१च्या डिसेंबरात गेले, पण काम पुढे चाललं. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं निवडली. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता.

शाळेत किंवा पंचायतीत एक संच असायचा आणि बाहेर तीन मीटर रुंदीची छत्री. ती छत्री कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो त्या तारेच्या जाळीची! उपग्रहाचा संदेश पकडायला महागडं काही लागत नाही, हे आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, थोडं गाणंबजावणं. गाव चावडीवर बसून बघायचं आणि कुणाला एक पैसा पडत नव्हता. पण काय बघायचं हे गाव ठरवत नव्हतं. ३१ जुलै १९७६ला वर्ष संपलं, उपग्रह परत गेला आणि बऱ्याच गावांतला पडदा काळा झाला. संच तिथेच, छत्री तिथेच. दोरी मात्र वर होती.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं होतं. खेड्यापाड्यांत टीव्ही पोहोचला तो पुढच्या दशकात, घरावरच्या अँटेनाने. ते दिवस आमच्यातल्या कितीतरी जणींना आठवतात. दीर कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खिडकीतून ओरडायचो, “आलं, आलं... गेलं!” वाऱ्याने अँटेना फिरला की पुन्हा कौलांवर. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. ‘आमची माती, आमची माणसं’ लागलं की घरातली पुरुष मंडळी पुढे आणि आम्ही स्वयंपाकघराच्या दारात. शेतात काम आमचंही होतं, हा मुद्दा वेगळा. पण अँटेनाचा एक गुण मान्य करायला हवा. एकदा पैसे दिले की संपलं. महिन्याला कुणी दारात यायचं नाही.

नव्वदीत केबल आली आणि दर महिन्याला दारात माणूस आला. ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे, लांबवत नाही. त्याच काळातली एक गोष्ट मात्र कमी जणींना माहीत असेल. १९९५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर ना सरकारची मक्तेदारी, ना पैसेवाल्याची. खटला क्रिकेटचे सामने टीव्हीवर दाखवण्याचा होता. पण त्याच निकालाच्या आधाराने पुढे सामुदायिक रेडिओची मागणी जोर धरत गेली, आणि २००६च्या धोरणाने आपल्यासारख्या संस्थांना केंद्र चालवायची वाट मोकळी झाली. म्हणजे आज आम्ही इथे माइकसमोर बसलो आहोत, त्यात क्रिकेटचाही थोडा हात आहे.

१६ डिसेंबर २००४ला दूरदर्शनची छत्री आली. आता तिला फ्री डिश म्हणतात. छत्री आणि पेटी एकदा विकत घ्यायची, महिन्याचं भाडं नाही. आमच्या वाडीत अजून निम्म्या घरांवर तीच आहे. तरी दोरी तिलाही आहेच. त्यावरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावात जातात. १ मार्च २०१९ला मोठ्या कंपन्यांनी आपल्या मनोरंजनाच्या वाहिन्या तिथून काढून घेतल्या, पुढच्या वर्षी परत आणल्या आणि २०२२च्या एप्रिलमध्ये त्यातल्या काही पुन्हा नेल्या. सासूबाई रिमोट आपटत बसल्या होत्या, पेटी बिघडली म्हणून. पेटी ठणठणीत होती.

२०१९च्या फेब्रुवारीपासूनच आणखी एक बदल झाला. केबल आणि डिशच्या ग्राहकाने हव्या त्याच वाहिन्या निवडायच्या, १०० वाहिन्यांचे १३० रुपये आणि वर कर, पैशाच्या वाहिन्यांचे वेगळे. कागदावर चांगलं होतं. पण तो अर्ज तुमच्या घरी कुणी भरला? आमच्या गटात विचारलं, तर पंधरा जणींपैकी दोघींनी हात वर केला. बाकीच्यांचा केबलवाल्याने भरला होता, नाहीतर घरच्यांनी, क्रिकेट आणि बातम्या धरून.

मग २०२० साल आलं. शाळा बंद. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. ज्या घरात मोठा मोबाइल नव्हता, त्या घरातलं पोरही पाटी घेऊन टीव्हीसमोर बसलं, कारण सह्याद्रीला नेटपॅक लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता स्टिक. ही वस्तू जन्मली अमेरिकेत. २००८मध्ये रोकू कंपनीची छोटी पेटी आली, इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी. २०१३मध्ये गूगलने अंगठ्याएवढं क्रोमकास्ट काढलं, ३५ डॉलरला. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७च्या एप्रिलमध्ये आली, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यानंतर काही महिन्यांनी. ही यंत्रं बनली ती ज्या घरात तारेचं इंटरनेट दिवसरात्र असतं, त्या घरासाठी. आपल्याकडे इंटरनेट म्हणजे मोबाइल. साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबी लागतो, स्वच्छ एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर एका सिनेमात खलास.

आणि तो मोबाइल कुणाचा? आमच्यातल्या एकीच्या घरी स्टिक आहे. नवऱ्याच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालते. सकाळी आठला ते कामावर जातात, फोन खिशात जातो आणि टीव्ही बंद पडतो. संध्याकाळी ते आले की टीव्ही सुरू, तेव्हा ही चुलीपाशी. चार हजारांची स्टिक, बघते कोण? ही गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि खोक्यावरही लिहिलेली नसते.

स्वस्त बिननावाच्या पेटीबद्दलही सांगायला हवं. दुसरीने दोन वर्षांपूर्वी अशी पेटी घेतली, दिवाळी उलटली आणि आतली अ‍ॅप उघडेनात. दुरुस्ती पाठवणारं मागे कुणीच नव्हतं. तेवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, की अशा काही स्वस्त पेट्यांत आधीपासूनच चोर-प्रोग्रॅम भरलेला असतो आणि तो घरचं इंटरनेट परस्पर दुसऱ्याच्या कामाला लावतो. ज्या वायफायवर बँकेचं काम करतो, त्यावर असली पेटी जोडायची नाही, असं आमचं मत.

नावाजलेल्या कंपनीची घेतली तरी ती पूर्ण आपली होते असं नाही. २०१५मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्टं २०२५च्या मार्चमध्ये जगभर एकदम अडली. आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. पेन्शनरांचा हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते, तसंच. काही दिवसांनी कंपनीने दुरुस्ती पाठवली आणि ती पुन्हा चालू झाली. रिमोटवर कंपन्यांच्या नावांची जी बटणं असतात, त्या जागेसाठीही कंपन्या पैसे मोजतात. आपल्या सोयीसाठी ती बसवलेली नसतात.

गटात आमचं एकमत अजून झालेलं नाही. तरुण मुलींना शिवणकामाचे आणि स्पर्धा परीक्षांचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर हवे आहेत, आणि ती मागणी रास्त आहे. मोठ्या जणी म्हणतात, फ्री डिश काढायची नाही, दोन्ही राहू दे. तेही खरं, कारण सह्याद्रीला अजूनही नेट लागत नाही. प्रसार भारतीने २०२४च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे अ‍ॅप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात, पण त्यालाही डेटा लागतोच. घ्यायची झाली तर सिम गटाच्या नावाचं वेगळं घ्यायचं आणि ते खोलीतच ठेवायचं, एवढ्यावर मात्र सगळ्या राजी आहेत.

पुढच्या मंगळवारी पुन्हा बैठक आहे. तुमच्याही गटात हा विषय असेल, तर दुकानात जाण्याआधी टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि मागे चपट्या तोंडाची एचडीएमआयची खाच आहे का बघा. जुन्या डब्याच्या टीव्हीला ती नसते आणि मग साधी स्टिक लागतच नाही. आमच्या खोलीतल्या टीव्हीला एक आहे. तिच्यात सध्या कोळ्याने घर केलंय.