मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन : स्तनातील गाठींवरील उपचार

स्तनातील गाठ कापून न काढता, तिच्यात सुईसारखा अँटेना घालून सूक्ष्मतरंगांच्या उष्णतेने ती जागच्या जागी नष्ट करण्याची पद्धत. यासाठी ९१५ किंवा २४५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. यातली दुसरी घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचीच. लहरींमुळे पेशींतील पाण्याचे रेणू वेगाने हेलकावतात आणि ऊतक तापते. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रथिने साकळतात व पेशी लगेच मरतात. गाठीत पाणी अधिक, भोवतालच्या चरबीत कमी. म्हणून गाठ चरबीपेक्षा लवकर तापते.

उपचार भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत करतात. गाठ त्वचेला किंवा छातीच्या स्नायूला खेटून असेल, तर मध्ये सलाइन टोचून त्यांना गाठीपासून दूर सारतात, नाहीतर त्वचा भाजते. लहरी सुरू होताच सुईच्या टोकाभोवती वाफेचे बुडबुडे पांढऱ्या ढगासारखे दिसू लागतात. ढग गाठीच्या कडेपलीकडे पसरेपर्यंत थांबायचे. पण ढग दिसला तेवढा भाग मेलाच, असे धरता येत नाही.

फायब्रोअ‍ॅडेनोमा ही साधी, कर्करोग नसलेली गाठ. तिच्यावर बहुधा नुसते लक्ष ठेवले तरी भागते; ती वाढत असेल किंवा त्रास देत असेल तर ही पद्धत विशेष सोयीची, कारण व्रण नाममात्र राहतो.

कर्करोगात प्रश्न अवघड होतो. चीनमधील नानजिंग येथील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी आधी तापवल्या आणि मग कापून तपासल्या. ४१ पैकी ३७ स्त्रियांमध्ये गाठ पूर्ण मेलेली आढळली. उरलेल्या चौघी विसरता येत नाहीत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग मागे राहिला का, हे कळते. गाठ आतच ठेवली की ही खात्री हातची जाते. म्हणून शस्त्रक्रिया शक्य असलेल्या स्त्रीला हा उपचार शस्त्रक्रियेऐवजी सर्रास सुचवणे आज योग्य नाही. वय किंवा इतर आजारांमुळे शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशा रुग्णांसाठी त्याचा विचार व्हावा. गाठीचा प्रकार व हार्मोन रिसेप्टर आधीच्या बायोप्सीतच तपासून घ्यावे लागतात, आणि काखेतल्या लसीका ग्रंथींचा निर्णय वेगळा करावा लागतो.

मेलेले ऊतक शरीर सावकाश शोषते. त्यामुळे कित्येक महिने हाताला टणक गाठ लागत राहते, आणि आंघोळ करताना ती लागली की बाई हादरते. हे तिला उपचाराआधीच सांगायला हवे. पुढील तपासणीत एमआरआय उपयोगी पडतो: मेलेला भाग शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य घेत नाही, जिवंत उरलेला घेतो.