पहिलटकरीण आणि बाळंतखोली : पाचगणी-वाई परिसराच्या संदर्भात प्रसूतीच्या अनुभवाचा इतिहास

पाचगणीचा लिखित इतिहास प्रामुख्याने हवेचा आणि संस्थांचा इतिहास आहे. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरात थंड हवेचे ठिकाण वसविले. पुढे येथे निवासी शाळा निघाल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. बाहेरून येणाऱ्या माणसाला येथे आरोग्य लाभते, ही या इतिहासाची मध्यवर्ती कल्पना. परंतु ज्या पाच गावांवरून पाचगणीचे नाव पडले, त्या गावांतील स्त्री पहिल्या खेपेस कशी बाळंत होत असे, याविषयी हा इतिहास मौन पाळतो. प्रस्तुत लेखात या मौनाचा विचार करावयाचा आहे. प्रसूतीविषयी लिहिले गेले नाही असे नव्हे. पुष्कळ लिहिले गेले. प्रश्न आहे तो कोणी लिहिले हा, आणि त्यात कळा सोसणारी स्त्री कोठे आहे हा.

प्रथम भाषेचा पुरावा पाहू. पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत ‘पहिलटकरीण’ असा स्वतंत्र शब्द आहे. ही अवस्था पुढील बाळंतपणांहून वेगळी आहे, याची जाणीव त्या शब्दात आहे. पहिलटकरणीच्या कळा लांबतात हे सुइणीला पोथीवाचून ठाऊक होते. तिच्या बोलीतील शब्द नेमके आहेत : कमरेतून कळ येते, पाणी जाते, बाळ सरकते, वार पडते. बाळाला वाट मिळाली नाही तर बाई ‘अडली’ म्हणतात. सारे नीट पार पडले तर ‘सुटली’, ‘मोकळी झाली’. प्रसूतीच्या बातमीत आजही ‘सुखरूप सुटका झाली’ असेच कळविले जाते. जन्माच्या वार्तेत आईच्या सुटकेचा उल्लेख आधी येतो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने सहज ओलांडून जाऊ नये. अडलेली बाई न सुटण्याची शक्यता घरोघरी ठाऊक असल्याशिवाय हा शब्दप्रयोग रूढ झाला नसता.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत याच भीतीशी जोडून पाहता येते. सासरी नवखी असलेली मुलगी कळांच्या वेळी आईजवळ असावी, तिला ओरडता यावे, रडता यावे, एवढी मोकळीक या रीतीने दिली. घरातील एक अंधारी खोली बाळंतिणीसाठी मोकळी केली जाई. बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, वेखंड, पुढे अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, असा सारा सरंजाम असे. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होई. ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ही श्रद्धा. सोयर संपेपर्यंत बाळंतिणीला शिवत नसत. या शिवाशिवीने तिला विश्रांती मिळे हे खरे. परंतु त्याच रूढीमुळे तिला उजेड आणि वारा यांपासून दूर ठेवले जाई, हेही तितकेच खरे. परंपरेचे गोडवे गाणारे आणि तिला केवळ अज्ञान म्हणणारे, असे दोन्ही पक्ष यातील एकच अर्धे सांगतात.

सातारा जिल्ह्यातील या चालीरीतींची नोंद १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सातारा खंडात जातवार आढळते. सुईण, नाळ कापणे, पाचवीची पूजा, बारसे यांचे वर्णन तेथे आहे. प्रशासनाला उपयुक्त अशी ती माहिती आहे आणि आज आपल्यालाही उपयुक्त आहे. मात्र ती बाळंतखोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून घेतलेली नोंद आहे. विधी दिसतात, कळा दिसत नाहीत.

तुलनेने प्राचीन वैद्यकग्रंथ खोलीच्या आत अधिक शिरतात, हे थोडे आश्चर्याचे आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराचे वर्णन आहे. अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ आणि कुशल स्त्रिया आसन्नप्रसवेच्या भोवती असाव्यात, त्यांनी तिला धीर द्यावा, असे तेथे सांगितले आहे. कळा सुरू झाल्यावर तिला मुसळाने कांडावयास लावावे असे एक मत देऊन आत्रेयांनी ते नाकारले आहे. अशा वेळी कष्टाचे काम तिच्या जिवावर बेतू शकते, हे त्याचे कारण. कळ नसताना जोर करू नये, असे तिला समजावण्याचीही सूचना आहे. हे लिहिणारेही पुरुषच; पण पहिलटकरणीला नेमकी कोणत्या गोष्टीची गरज असते, हे त्यांनी बहुप्रसवा स्त्रियांकडूनच ऐकले असावे असे वाटते.

आधुनिक काळात ज्या मराठी स्त्रीने स्वतः बाळंतपण सोसले आणि मग त्या विषयाचे शास्त्र शिकले, तिचे उदाहरण येथे टाळता येत नाही. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा, विवाह नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवस जगला. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे ही घटना होती, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील व्याख्यानात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. त्याआधीच्या वर्षी पंडिता रमाबाईंनीही हंटर आयोगापुढे हाच मुद्दा ठेवला होता. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षीची पहिलटकरीण सात वर्षांनी त्याच विषयावर विद्वानांपुढे उभी राहते, पण शास्त्राच्या भाषेत. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागात त्यांची नेमणूक झाली होती. तेथे रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दक्षिण महाराष्ट्रातील बाळंतिणींना ज्या डॉक्टरीणबाई लाभायच्या होत्या, त्या अशा लाभल्या नाहीत.

१८८५ च्या डफरिन फंडानंतर आणि १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाल्यानंतर स्त्रियांसाठी रुग्णालये ही कल्पना शहरांत रुजली. कृष्णाकाठी हे काम प्रामुख्याने मिशनरी डॉक्टरांनी केले : मिरजेत १८९० च्या दशकात विल्यम वान्लेस यांनी आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाईत अमेरिकन मराठी मिशनच्या रुग्णालयाने. पाचगणीच्या गावांतील अडलेल्या बाईला तेथे न्यायचे म्हणजे पसरणी घाट उतरणे आले. पावसाळ्यात, रात्री, कळा चालू असताना हा घाट किती लांब होत असेल, याची कल्पना अंतराच्या आकड्यावरून येणार नाही. रुग्णालय असणे आणि रुग्णालयापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोंगरी मुलखाचा इतिहास लिहिताना ध्यानी ठेवावे लागते.

पुढील बदल मोठा आहे. महाराष्ट्रात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ९४.७ टक्के झाले. २०१८-२० या काळात राज्याचा मातामृत्युदर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतका खाली आला. ‘अडली’ या शब्दातील मरणाची धास्ती या आकड्यांनी पुष्कळ अंशी काढून घेतली, आणि त्याविषयी कृतज्ञच असले पाहिजे. पण या वाटेवर काहीतरी सुटूनही गेले. प्रसूतिगृहाच्या दाराशी आई, मावशी, सुईण थांबल्या आणि पहिलटकरीण एकटी आत गेली. जिच्या आयुष्यातील सर्वांत अनोळखी तास सुरू होत आहेत, तिच्याभोवती सारे अनोळखी. २०१६ मध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री ठेवण्यास अनुमती दिली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीला आलेला प्रसूतीचा अनुभव हाच शिफारशींच्या केंद्रस्थानी ठेवला. चरकाच्या सूतिकागारातील त्या बायका, बऱ्याच वळणांनी, पुन्हा आत आल्या असे म्हणावयास हरकत नाही.

पहिलटकरणीचे स्वतःचे शब्द मात्र अजूनही विखुरलेले आहेत. जात्यावरच्या ओव्यांत आईने सोसलेल्या कळांचे स्मरण येते. गी पोइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा या दृष्टीने अभ्यास व्हावयास हवा. दुसरे साधन तर आपल्या शेजारीच आहे आणि ते झपाट्याने संपत आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत पाचगणी-वाई परिसरात घरी बाळंत झालेल्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशी ओलांडत आहेत. या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. विचारावयाचे प्रश्न साधे आहेत : पहिली कळ कोणत्या वेळी आली, ती बाळंतपणाचीच आहे हे कोणी ओळखले, खोलीत कोण कोण होते, कोणाचा हात धरला होता, आणि किती वेळाने सुटका झाली.