खारेपाटातला ‘डोला’

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक कबुलायत आहे. मोडीत लिहिलेली; खाली पणजोबांच्या अंगठ्याचा ठसा. खोताला किती भात घालायचे, ते त्या कागदात आहे. ज्यांनी अंगठा उठवला, त्यांना त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. तो कागद वाचता यावा म्हणून मी चाळिशी उलटल्यावर मोडी शिकलो. एकेका वळणाचा उच्चार ओळखत, तो पुढच्याला जोडत, अडखळत पहिली ओळ लागली. पहिलीतले मूल रोज काय करत असते, ते मला तेव्हा कळले. त्यातूनच प्रश्न पडला: आमच्याकडच्या मुलांना वाचायला शिकवले तरी कसे गेले?

जुन्या पंतोजींच्या शाळेत सुरुवात धूळपाटीवर होई. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे आणि गिरवताना ते मोठ्याने म्हणायचे. ‘ओनामा’ हा शब्द त्याच पहिल्या धड्यातला. ‘ॐ नमः सिद्धम्’चे ते मुलांच्या तोंडी झालेले रूप. डोळा, बोट आणि जीभ एकदम कामाला लावणारी ही रीत टाकाऊ नव्हती. अडचण होती ती क्रमाची. कंठापासून ओठांपर्यंत जाणारी आपली वर्णमाला व्याकरणकारांनी उच्चारांची वर्गवारी म्हणून लावली. ‘क ख ग घ ङ’ पाठ झाले तरी मुलाच्या हाती शब्द फारसे लागत नाहीत. उलट क, म, न, ल ही चार अक्षरे आणि एक काना शिकवला, तर कान, नाक, मान, काल, माल लगेच वाचता येतात.

त्यात लिप्या दोन. हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध दोन्हींचे लेखन-वाचन असावे, असे मांडले. पुस्तक बालबोधीत आणि हिशेब, करार मोडीत. एकच लिपी आलेल्या कुळाला करार वाचण्यासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला. त्याच काळात, १९३७ साली, नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढले. वाचता येणे हा आमच्याकडे जमिनीइतकाच जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

ताराबाई मोडकांनी मॉन्टेसोरीची रीत मराठी-गुजराती मुलांसाठी रुजवली आणि १९४५ पासून अनुताई वाघांसह बोर्डीला ग्रामीण मुलांत काम केले. या पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते आणि त्याचा उच्चार करते. धूळपाटीचे तत्त्व हेच होते. फरक एवढाच की इथे छडी नव्हती.

क्रम सुधारला, छडी गेली, तरी एक गाठ सुटत नाही. ती माझ्या स्वतःच्या वहीत आहे. तिसरीत असताना शुद्धलेखनात मी ‘डोला’ आणि ‘पानी’ लिहिले. गुरुजींनी दोन्हींवर तांबडी फुली मारली आणि वही वर्गाला दाखवली. पोरे हसली, हसणाऱ्यांतली निम्मी घरी ‘डोला’च म्हणत होती. आमच्या आगरीत ळचा ल होतो, णचा न होतो, घोड्याचा घोरा होतो. मी जे ऐकत होतो, त्याला अचूक अक्षर लावले होते. ध्वनी आणि अक्षर यांची जोड लावणे म्हणजेच वाचन शिकणे असेल, तर ते मला आले होते. मला येत नव्हती ती पुस्तकातली मराठी.

प्रमाण मराठीही अक्षराला कुठे धरून चालते? ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एक नाही. ‘पाणी’ आणि ‘आणि’ यांचा शेवट कानाला सारखा. लिहिताना मात्र एक दीर्घ, एक ऱ्हस्व. ‘कमळ’ म्हणताना शेवटच्या ळमधला अ आपण गिळतो. या तफावतींना आपण नियम म्हणतो आणि आगऱ्याच्या तफावतीला अशुद्ध.

रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला गेले की हे अंतर आणखी वाढते. पोर्तुगिजांनी १७४० साली चौल सोडले. त्यांची भाषा मात्र मराठीशी मिसळून तिथल्या ख्रिस्ती वस्तीत राहिली. ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा. तिथल्या मुलाला मराठी शाळेत अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम शिकावे लागतात. ते अडखळले, तर नेमके कशात, हे आधी पाहायला हवे.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे वेगळेपण ओळखले. आधी त्यांनी फलटणच्या बोलीतल्या भेदांचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला, मग मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामात आयुष्य घातले. मुलाच्या तोंडची भाषा आधी ऐकावी आणि मग फळा हाती घ्यावा, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

गेल्या वर्षी शेजारची नात माझ्याकडे अभ्यासाला येऊ लागली. वहीत ‘काला कावला’ असे होते. मी फुली मारली नाही. गोपाळकाल्याचा ‘काला’ आणि रंगाचा ‘काळा’ शेजारी लिहिले आणि म्हटले, ‘बाय, दुसऱ्याला जीभ उलटी वळवून टाळूला लाव.’ चार-सहा वेळा चुकून तिला तो ळ सापडला. मग ‘वेल’ आणि ‘वेळ’. आठवड्याने तिने स्वतःच ‘डोला’ खोडून ‘डोळा’ लिहिले आणि विचारले, “आबा, मंग आजीला पन शिकवू का?”

मी म्हटले, “नको. आजीचा डोला बरोबर आहे. तू दोन्ही ठेव.”