स्वाभिमान आणि प्रतिष्ठा : शब्दांचा अर्थ आणि कोळीवाड्याचा प्रश्न

मान, मानपान, अभिमान, स्वाभिमान, अहंकार आणि प्रतिष्ठा हे शब्द मराठीत अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. मान दुसऱ्याकडून मिळतो. लग्नकार्यातील मानपान नाते आणि वय पाहून ठरते. ते मिळाले नाही तर रुसवा होतो, मिळाले तर मिटतो. स्वाभिमान म्हणजे माणूस म्हणून आपण कोणापेक्षा उणे नाही, ही स्वतःची जाणीव. अहंकार वरवर तसाच दिसतो. परंतु त्याला स्वतःचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी समोरचा लहान असावा लागतो.

प्रतिष्ठा हा शब्द व्यवहारात पैसा, पद आणि घराण्याशी जोडला गेला आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या भारतीय राज्यघटनेने मात्र तो वेगळ्या अर्थाने वापरला. उद्देशिकेतील ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ ही कर्तृत्वाने मिळवायची गोष्ट नाही. ती प्रत्येक व्यक्तीला केवळ माणूस असल्यामुळे लाभलेली आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची भूमिकाही हीच आहे.

किंमत आणि प्रतिष्ठा

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ मध्ये या विषयात एक मूलभूत भेद मांडला. ज्या वस्तूच्या बदल्यात तितक्याच मोलाची दुसरी वस्तू घेता येते, तिला किंमत असते. ज्याला असा पर्यायच नसतो, त्याला प्रतिष्ठा असते. माणूस दुसऱ्या गटात मोडतो. म्हणून त्याला निव्वळ साधन म्हणून वापरता येत नाही.

मुंबईच्या मासळीबाजारात हा भेद रोज पाहायला मिळतो. पापलेटच्या जोडीवर घासाघीस होते, भाव वर-खाली होतो आणि सौदा मोडतोही. त्यात विकणारीचा अपमान नसतो, कारण बोलणे मासळीच्या किमतीविषयी असते. तिच्या पाटीच्या वासावरून, बोलण्याच्या ढंगावरून किंवा जातीवरून शेरा मारला गेला की विषय किमतीचा राहत नाही. सभागृहात गोंधळ झाला की ‘मासळीबाजार भरला’ असे सहज म्हटले जाते. पहाटे बंदरावर मासळी घेऊन दिवसभर उन्हात बसणाऱ्या स्त्रियांच्या कष्टाला या वाक्प्रचाराने गोंगाटाचे नाव दिले आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

महाडचा दाखला

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचा सर्वांत स्पष्ट दाखला महाडचा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. कागदावर हक्क मिळाला. प्रत्यक्षात चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. प्रश्न तहानेचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता, ही आंबेडकरांची भूमिका होती. त्यानंतरचा न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय सत्याग्रहींच्या बाजूने लागला. कायद्याने दिलेली प्रतिष्ठा व्यवहारात उतरण्यासाठी स्वाभिमानाने उभे राहणारी माणसे लागतात, हे महाडने दाखवून दिले.

वस्तीला कोणते नाव?

पश्चिम उपनगरात, कार्टर रोडच्या उत्तर टोकाला, खारदांडा ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. खार रोड रेल्वे स्थानक १९२४ मध्ये सुरू झाले. दांड्याचे गाव त्याहून जुने. उपनगर वाढत गेले, भोवती उंच इमारती आल्या आणि मूळ गाव दाटीत सापडले. मुंबईतील अनेक कोळीवाड्यांची कहाणी अशीच आहे.

या दाटीमुळेच कोळीवाडा आणि झोपडपट्टी यांच्यातील सीमारेषेचा वाद निर्माण झाला. महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र अधिनियम, १९७१ नुसार अपुऱ्या सोयी, अस्वच्छता आणि दाटी यांमुळे आरोग्यास अपायकारक ठरणारे क्षेत्र झोपडपट्टी म्हणून घोषित करता येते. कोळीवाड्यांचा अशा घोषणेला विरोध राहिला आहे. त्यामागे व्यवहारही आहे. पुनर्वसनात मिळणाऱ्या तीनशे चौरस फुटांच्या सदनिकेत जाळी विणायला, मासळी सुकवायला आणि होडीचे सामान ठेवायला जागा नसते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनेही बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा मच्छीमारांच्या वसाहती म्हणून स्वतंत्र उल्लेख केला होता. आपल्या गावाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखले जावे, ही मागणी स्वाभिमानाची आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. ‘आम्ही झोपडपट्टीवाले नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. आमच्या वस्तीचा इतिहास आणि गरजा वेगळ्या आहेत, हा पहिला अर्थ रास्त आहे. आम्ही त्यांच्यासारखे हलके नाही, हा दुसरा अर्थ अहंकाराचा आहे. झोपडीत राहणाऱ्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी नसते.

ऐकून घेतले जाणे

सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा अर्थ प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क असा लावला. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांशी संबंधित ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्कही त्यात समाविष्ट असल्याचे मान्य झाले. हटविण्याची कारवाई न्यायालयाने सरसकट रोखली नाही. मात्र ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हा त्याला वस्तू न मानता व्यक्ती मानण्याचा भाग आहे, हे निकालात नमूद झाले.

मुंबईच्या किनाऱ्यावर या तत्त्वाची परीक्षा वारंवार होते. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळीच्या मच्छीमारांनी होड्यांच्या ये-जा करण्यासाठी खांबांमधील अंतर वाढविण्याची मागणी केली. दीर्घ विरोधानंतर साठ मीटरऐवजी एकशे वीस मीटर अंतर ठेवण्याचा निर्णय डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. मागणी याहून अधिक अंतराची होती. तरीही समुद्राची माहिती असलेल्यांचे म्हणणे आराखड्यात उतरले. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचा मार्ग खारदांड्याच्या किनाऱ्यासमोरूनच आखलेला आहे. त्यामुळे हाच प्रश्न दांड्याच्याही दारात आहे.

नुकसानभरपाई किती द्यायची, हा किमतीचा हिशेब झाला. तो करावाच लागतो. निर्णयाआधी विचारले गेले की निर्णयानंतर कळविले गेले, हा प्रश्न मात्र प्रतिष्ठेचा आहे आणि भरपाईची रक्कम वाढवून तो सुटत नाही.