समुद्रापलीकडील मूळ पुरुषाचा शोध

आपल्या कुळाचा मूळ पुरुष कोण व तो कोठून आला, हें जाणण्याची इच्छा मनुष्यास स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेंतील पुष्कळ कुटुंबांस हा प्रश्न फार अवघड जातो. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतून विणकर, खाणकामगार, शेतमजूर असे असंख्य लोक पोटासाठीं अटलांटिक महासागर ओलांडून तिकडे गेले. त्यांच्या वंशजांपाशीं आज पुष्कळदां "आमचे पूर्वज इंग्लंडांतून आले" एवढेंच वाक्य उरलें आहे. गांवाचें नांव लोपलें. आणि गांव सांपडल्यावांचून पुढील वाट खुंटते.

हा शोध उलट पावलांनीं करावा लागतो. प्रथम अमेरिकेंतील कागद पाहावे. तेथील १८५० च्या खानेसुमारीपासून घरांतील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचें नांव व जन्मस्थान लिहिलें जाऊं लागलें. १९०० सालीं देशांत आल्याचें वर्षहि विचारलें गेलें. जहाजाच्या कप्तानानें उतारूंची यादी दिली पाहिजे, असा कायदा १८१९ सालीं झाला. न्यूयॉर्क येथें १८५५ पासून कॅसल गार्डन व १८९२ पासून एलिस बेट या ठिकाणीं उतारूंची नोंद होत असे. परंतु या जुन्या कागदांत बहुधा 'इंग्लंड' एवढाच शब्द आढळतो. सरकारास देश कळला म्हणजे पुरे होतें.

अशा वेळीं चर्चचें दप्तर साह्यास येतें. विवाह लावण्यापूर्वीं कॅथलिक धर्मगुरु वधूवरांच्या बाप्तिस्म्याची चौकशी करीत. त्यामुळें त्यांच्या नोंदींत कित्येकदां मूळ गांवाचें वा परगण्याचें नांव सांपडतें.

गांव कळल्यावर इंग्लंडकडे वळावें. तेथें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. १८४१ च्या खानेसुमारींत प्रौढांचीं वयें बहुधा पांचाच्या पटींत उतरवून लिहिलीं आहेत. म्हणून २९ वर्षांचा मनुष्य तेथें २५ वर्षांचा दिसतो. १८५१ सालीं मात्र जन्मगांवाचीहि नोंद झाली. त्यापूर्वींच्या काळासाठीं आंग्लिकन चर्चचीं पुस्तकें पाहावीं. तीं ठेवण्याची आज्ञा १५३८ सालीं झाली होती.

पूर्वज कॅथलिक असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १७५३ च्या कायद्यान्वयें क्वेकर व यहुदी यांखेरीज सर्वांस कायदेशीर विवाहासाठीं आंग्लिकन चर्चमध्येंच जावें लागे. ही स्थिति १८३७ पर्यंत टिकली. म्हणून कॅथलिक जोडप्याचें नांव त्या पुस्तकांत आढळल्यास त्यांनीं आपला धर्म सोडला, असें समजूं नये. कॅथलिक पुस्तकांत नांवें पुष्कळदां लॅटिनमध्यें असतात. तेथें विल्यम हा 'गुलिएल्मुस' होतो व जेम्स हा 'याकोबुस'.

सर्वांत मोठा धोका नामसादृश्याचा आहे. एकाच गांवांत एकाच नांवाचीं तीन-चार मुलें असूं शकतात. बाप्तिस्म्याची नोंद सांपडतांच हर्ष न मानतां दफनाचें पुस्तक चाळावें. तें मूल वर्षाच्या आंतच मातीआड झालें असेल, तर तो आपला पूर्वज नव्हे. वय, धंदा, पत्नी व मुलें यांचा मेळ बसल्यावांचून नातें मान्य करूं नये. खोट्या वंशावळीनें दुसऱ्याचे मृत आपले म्हणविले जातात, आणि आपले खरे मृत विस्मृतींत राहतात.

या देशांतर करणाऱ्यांपैकीं कित्येक निरक्षर होते. विवाहाच्या पुस्तकांत सहीच्या जागीं त्यांची फुली दिसते. त्यांनीं मागें पत्र ठेविलें नाहीं कीं मृत्युपत्र. कोणा धर्मगुरूनें लिहिलेल्या दोन ओळी हीच कित्येकदां त्यांची शेवटची खूण होय. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाचें पुस्तक ठेवण्याचा नियम घातला. आपल्या चर्चमधील पुस्तकांमागेंहि तीच परंपरा आहे. तरी वाचकहो, नोंद करतांना आईबापांचीं पूर्ण नांवें व मूळ गांव नीट सांगावें. आणि घरचा कोणी परदेशीं स्थायिक झाला असेल, तर त्याच्या मुलांस तें गांव लिहून द्यावें. शंभर वर्षांनंतर त्याच एका शब्दावर कोणाचें तरी कूळ आपल्या मुळाशीं पोहोंचेल.